शिवशरण शेटेची साफसफाई

शिवशरण शेटे फारसा कुणाला आवडायचा नाही, आणि त्यालाही कुणी आवडायचं नाही. दोन्ही बाजूंनी फिटंफाट होती. सिरसाळ्याच्या पेठेत वडिलांचं किराणा दुकान. गल्ल्यापर्यंत हात पोचायला लागल्यापासून त्याला एक खोड लागली ती कायमची: प्रत्येक डबा चिठ्ठी पुढे करून उभा पाहिजे, वजनं मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेत पाहिजेत, सुतळीचं टोक लोंबकळता कामा नये. गिऱ्हाईक दाराशी ताटकळायचं आणि हा आत हळदीचा डबा फिरवून सरळ करत बसायचा. वडील इतक्यांदा कपाळाला हात लावायचे की दुपारपर्यंत त्यांच्या कपाळावरचं भस्म पुसलं जायचं. पोरगं काही सुधारलं नाही.

लग्न झाल्यावर त्यानं बायकोचा, शिवगंगेचा, मसाल्याचा डबा आपल्या मनानं लावून दिला. तिनं डबा उचलून त्याच्या पुढ्यात आदळला. "ह्यो डबा माझ्या हातानं लागंल, न्हाईतर उद्यापासून सैपाक तुमी करा," असं तिनं बजावलं तेव्हा त्यानं डबा तिच्याकडे सरकवला. त्याच्या आयुष्यात त्यानं घेतलेली बहुतेक ही एकच माघार.

औरंगाबादला कॉम्प्युटर शिकून आलेल्या असल्या माणसाला नोकरी मिळाली ती साखर कारखान्यात. माजलगावच्या बाजूचा कारखाना, चिखल, मळी आणि बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या, धुळीनं भरलेला. त्या वर्षांत तालुक्यातालुक्यात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. शेजारच्या कारखान्यानं कॉम्प्युटर घेतले म्हटल्यावर आमच्या चेअरमनना झोप कशी लागणार? त्यांनीही घेतले. एक वजनकाट्यावर, एक शेतकी खात्यात, एक हिशेबाच्या खोलीत, आणि तिन्हींच्या मधून एक केबल. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन आपोआप आत हिशेबाला पोचायचं आणि तिथून छापील पावती निघायची. शेतकऱ्याला त्या छापील पावतीचं भारी कौतुक होतं. हातानं लिहिलेली पावती म्हणजे काटा मारला, ही आपल्याकडची जुनी समजूत, आणि ती उगीच झालेली नाही.

ही केबल ज्या पत्त्याच्या पानाएवढ्या वस्तूत खोचतात ते नेटवर्क कार्ड. कार्ड मुळात मुकं असतं. त्याच्याशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. कारखान्यानं स्वस्तातली कार्डं उचलली होती आणि कारखान्याच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स सिस्टिमवर चालेल असा ड्रायव्हर त्यांच्यासोबत आलाच नव्हता. तेव्हा गहिनीनाथनं एका मासिकाच्या सीडीवरून दुसऱ्याच कुठल्या कार्डाचा ड्रायव्हर उतरवून घेतला आणि ठोकठाक करून, इथं काढ तिथं घाल करून, महिनाभरात तो चालवून दाखवला.

गहिनीनाथ उमापूरचा. बीडच्या कॉलेजातला बी.एस्सी., दांडगा, सदा सुपारी चघळणारा, आणि शिवशरणच्या आधीपासून कारखान्यात चिकटलेला. कॉम्प्युटर विभाग म्हणजे हे दोघं. दोघंही हंगामी. ऊस आला की बोलावणं, ऊस संपला की चार कामं उरकून घरी. कारखान्याच्या गावात हंगामी माणसाला किराणावालासुद्धा जपून उधार देतो आणि कायम माणसाला खुर्ची देतो. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात बातमी फुटली की कॉम्प्युटर विभागाला एक कायम जागा मंजूर झाली. माणसं दोन आणि जागा एक. त्या दिवसापासून ते दोघं एका खोलीत पाठीला पाठ लावून बसायला लागले आणि पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून भांडायला लागले.

ती जागा शिवशरणला पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की रस्त्यानं जाताना तो स्वतःशीच 'कायम' हा शब्द पुटपुटायचा.

गाळप संपलं की साखर कारखाना उघडा पडतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. रोलर उतरवतात, पंप खोलतात, नळ्या घासतात, एकेक नट रॉकेलच्या डब्यात बुडवतात. दसऱ्याच्या आत सगळं पुन्हा जोडून उभं. त्या वर्षी एम.डी. साहेबांनी, म्हणजे कार्यकारी संचालकांनी, हुकूम काढला की प्रत्येक विभागानं आपापली यंत्रं खोलून साफ करून द्यावीत. कोणताही विभाग अपवाद नाही. अपवाद नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर विभागही त्यात आला. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असला हुकूम कुणी हसण्यावारी नेला असता. साखर कारखान्यात मात्र खोलून न साफ केलेली वस्तू म्हणजे पाप.

गहिनीनाथनं ब्लोअरनं कॉम्प्युटरमधली धूळ उडवली, कीबोर्ड पुसले आणि हात झटकले. शिवशरणनं ड्रायव्हर खोलला.

म्हणजे ज्या मजकुरात तो प्रोग्रॅम लिहिलेला असतो ती सोर्स फाईल त्यानं पडद्यावर उघडली. वाण्याच्या पोराला उंदरानं उकरलेलं गोदाम दिसावं तसं झालं. सगळं एकाच फाईलमध्ये कोंबलेलं. ओळी वाटेल तिथून सुरू. निम्मा भाग मूळच्या दुसऱ्या कार्डाचा, कधीही न चालणारा, तरी तसाच पडलेला. जिथं माहिती साठवायची त्या जागांना नावं दिलेली म्हैस, रेडा, उमापूर, उमापूर-दोन. माहिती पाठवणाऱ्या भागाचं नाव 'चल बे'. आणि कुठं खुलासा म्हणून एक ओळ असेल तर ती एवढीच: हात लावू नये.

"ही काय घाण हाय बे?" शिवशरण म्हणाला.

"चालतंय न्हवं?" गहिनीनाथ मागं न वळता म्हणाला.

"चालतंय, पण तुझ्याबिगर कुणाला कळंल का ह्यातलं?"

"न कळायलाच पायजे," गहिनीनाथ म्हणाला आणि सुपारी कातरायला लागला.

शिवशरणच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथं. घाण ही या माणसाची चुकून झालेली नाही. ही घाण म्हणजेच त्याची कायम नोकरी आहे. तो दुसऱ्याच दिवशी एम.डी. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला.

"साहेब, उद्या गहिनीनाथ आजारी पडला तर काटा बंद. त्यानं मुद्दाम असं लिहून ठिवलंय की दुसऱ्याला वाचताच येऊ नये. मी ते साफ करतो. असं करतो की कुणीबी आलं तरी वाचंल आन् चालवंल."

"कुणीबी?" साहेबांनी चष्मा काढून विचारलं.

"कुणीबी, साहेब."

साहेबांना ते फार आवडलं. ज्यांच्यावाचून अडतं असली माणसं कुठल्याच साहेबाला आवडत नाहीत. "करा," ते म्हणाले, "मग बघू कायमचं." शिवशरण केबिनमधून बाहेर पडला तो जमिनीपासून वीतभर वर चालत.

त्यानं ते काम ज्या प्रेमानं केलं त्या प्रेमानं तो बायकोशी दोन शब्द बोलला असता तर संसार वेगळा झाला असता. त्या एका फाईलच्या त्यानं वेगवेगळ्या फाईली केल्या: पाठवायचं एकीकडे, घ्यायचं एकीकडे, कार्ड जागं करायचं तिसरीकडे. म्हशी, रेडे हाकलले. प्रत्येक जागेला तिच्या कामाचं नाव दिलं. मेलेले भाग उपटून काढले. ओळी अशा लावल्या की पट्टी ठेवून बघावं. प्रत्येक भागाच्या डोक्यावर, हा भाग काय करतो, ते साध्या शब्दांत लिहिलं. आणि जुनी फाईल ठेवली नाही. फ्लॉपीवरची नक्कलसुद्धा पुसली. जुनं राहिलं की घाण परत शिरते, असं त्याचं म्हणणं.

एका ओळीपाशी मात्र तो अडला. पाठवायच्या भागात, कार्डाला 'पाठव' असा आदेश दिल्यावर लगेच खाली गहिनीनाथनं कार्डाकडून एक आकडा वाचून घेतला होता आणि त्या आकड्याचं काहीच केलं नव्हतं. वाचला आणि टाकून दिला. किराण्याच्या दुकानात कुणी माल तोलून परत पोत्यात ओतत नाही.

"हे वाचायचं आन् फेकून द्यायचं, कावून?" त्यानं विचारलं.

"असू दे ते."

"कारण सांग."

"असू दे म्हणलं की. कारण-बिरण न्हाई."

"कारण न्हाई तर मग मी काढतो."

गहिनीनाथ पहिल्यांदाच खुर्ची वळवून त्याच्याकडे बघत राहिला. "काढ," तो म्हणाला. शिवशरणनं काढली.

कारखान्यात हंगामाआधी पाण्यावर चाचणी घेतात. मिलमध्ये ऊस नसतो, नुसतं पाणी सोडून सगळं फिरवून बघतात. रोलर फिरतात, पंप ओढतात, माणसं टाळ्या वाजवतात. काट्याचीही चाचणी झाली. एक रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि आत पावत्या सुरेख छापून आल्या. एम.डी. साहेबांनी शिवशरणची पाठ थोपटली. त्या हंगामाला गहिनीनाथला बोलावणं गेलं नाही. चार वर्षं काम केलेल्या माणसाला नुसतं न बोलावून घालवलं. कुणी काढलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. शिवशरणनं त्याच दिवशी पंखा आपल्या बाजूला फिरवून दोरीनं बांधून टाकला.

चेअरमननी गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकली, नारळ फुटला, भाषणं झाली. पहिला दिवस गाड्या तुरळक होत्या, तो निभला. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या टोळ्या रंगात आल्या. टायरगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक, यार्ड भरून रांग बाहेर डांबरी रस्त्याला लागली. आणि दुपार कलायच्या आत काट्यावरचा कॉम्प्युटर गप्प झाला. वजन दिसतंय, पण आत पोचत नाही. शिवशरणनं बंद करून पुन्हा चालू केला. थोडा वेळ गाड्या सरकल्या, परत गप्प. पुन्हा चालू, पुन्हा गप्प. केबल बदलली, कार्ड बदललं, दोन शिव्या हासडल्या. काही फरक नाही.

काट्यावरचा कारकून धर्मराज शेवटी हातानं पावत्या लिहायला बसला, आणि मग जे व्हायचं तेच झालं.

"काटा मारतेत!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "मशीन मुद्दाम बंद पाडली! हातानं लिहून काटा मारतेत!"

लोक गाड्या सोडून खिडकीशी जमले. एका मुकादमानं खिडकीतून हात घालून धर्मराजच्या हातातली पावती ओढून फाडली. धर्मराज मोठा सज्जन. त्यानं आपली मान वाचवायला बोट दाखवलं: "माझं काय न्हाई हो, ह्या शेटेनं मशीन बिघडवली." शिवशरणची गचांडी धरली गेली. शर्टाची वरची गुंडी तुटली. "वाण्याचं पोरगं, काट्यात काय करावं लागतं ते ह्याला बापानं शिकवलं असंल," असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. शिवशरणला गचांडीचं काही वाटलं नाही, पण बापाच्या नावानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या बापाचं एकही वजन कधी कमी भरलं नव्हतं.

एम.डी. साहेबांनी त्याला बोलावून एकच वाक्य ऐकवलं. "जीप घ्या आन् त्या गहिनीनाथला घेऊन या."

माजलगावहून उमापूर काही जवळ नाही. सगळा रस्ता शिवशरण ड्रायव्हरच्या शेजारी बसून मनातल्या मनात गहिनीनाथला शिव्या देत गेला. आपण याच्या पोटावर पाय दिला आणि आता याच्याच पाया पडायला चाललोय, हे त्याला कळत होतं. पण ज्याचं आपण वाईट केलं त्याचा राग माणसाला जास्त येतो. शिवशरण त्याला अपवाद नव्हता.

गहिनीनाथ अंगणात बाजेवर बसून बैलाच्या दोरीची गाठ सोडवत होता. जीप बघून तो उठला नाही. त्याची आई तुळजाबाई दारात आली, पाहुणा म्हणून वळून पाण्याचा तांब्या आणायला निघाली.

"माय, पाणी नको आणू," गहिनीनाथ म्हणाला.

तुळजाबाई थबकली. दारी आलेल्या माणसाला पाणी नको म्हणायची रीत त्या घराला नव्हती. तिनं लेकाकडं पाहिलं, मग शिवशरणच्या तुटक्या गुंडीकडं पाहिलं, आणि आत गेली ती बाहेर आली नाही.

शिवशरण उन्हात उभा राहून म्हणाला, "साहेबांनी बोलावलंय. काटा बंद पडतोय."

"मी न्हाई येणार."

"मग जुनी फाईल दे. तुझ्याकडं फ्लॉपी असंल."

"हाय."

"दे मग."

"न्हाई देत." गहिनीनाथनं गाठ दातानं ओढली. "ती ओळ काढली होतीस. वाचून फेकून द्यायची. तीच घाल परत."

शिवशरणला आधी राग आला, मग विश्वास बसेना, मग पुन्हा राग आला. "तुला ठावं होतं? आन् तू 'काढ' म्हणलास?"

"आदी 'असू दे' म्हणलो होतो. दोनदा."

"पण कावून लागती ती ओळ?"

"मला काय म्हाईत?" गहिनीनाथ पहिल्यांदा हसला. "पयल्या हंगामाला असाच काटा लटकत होता. नाना उद्योग केले. एक दिवस ती ओळ घातली आन् थांबला लटकायचा. देवाशपथ, मला कारण न्हाई ठावं. तुला लई हौस हाय ना कारणांची? तू शोध. आन् नीट लिहून ठिव, कसं? कुणालाबी वाचता आलं पायजे. कुणीबी वाचावं आन् चालवावं. असंच सांगितलं होतंस ना साहेबाला?"

तो हे इतक्या मनापासून सांगत होता की शिवशरणला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो तहानलेल्या तोंडानं जीपमध्ये चढला.

ओळ घातली आणि काटा चालायला लागला. गाड्यांमागून गाड्या गेल्या, पावत्या छापून आल्या, रांग आत ओढली गेली. मघाशी गचांडी धरणाऱ्यांपैकी एकानं त्याला बिडी देऊ केली. दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानून झोपला असता. शिवशरणला कारण सापडल्याशिवाय चैन पडेना. कारण नसलेली ओळ त्याच्या फाईलमध्ये राहणं म्हणजे बिनचिठ्ठीचा डबा. त्यानं पुस्तकं उपसली, औरंगाबादच्या ओळखीच्या मास्तरांना फोन लावला, आणि शेवटी उलगडा झाला. कॉम्प्युटर कार्डाला आदेश देतो तेव्हा तो आदेश कधीकधी मधल्या वाटेतच रेंगाळतो. काम कमी असलं तर ते कळतही नाही; रिकाम्या ट्रॅक्टरला काय घाई? गाड्यांची रीघ लागली की मात्र मागचा आदेश पोचायच्या आत पुढचा येतो आणि कार्ड अडकून बसतं. पण कार्डाकडून काहीही वाचायला मागितलं की आधी दिलेले सगळे आदेश पोचवल्याशिवाय उत्तर येतच नाही. म्हणून वाचायचं. आकड्याशी देणंघेणं नाही, वाचणं महत्त्वाचं.

हे त्यानं त्या ओळीच्या डोक्यावर लिहून ठेवलं. इंग्रजीत लिहिलं, आणि खाली इंग्रजी अक्षरांत मराठीतही लिहिलं, म्हणजे कुणाचीच अडचण नको. लिहून झाल्यावर खुर्ची मागे रेटून त्यानं ते चार वेळा वाचलं. इतकं स्वच्छ काही त्यानं आयुष्यात लिहिलं नव्हतं. घरी जाऊन त्यानं शिवगंगेला सांगितलं की आता आपलं कायमचं झालंच म्हणून समज, आणि तिनं त्या आनंदात शिरा केला.

आठवड्यानं एका सकाळी एम.डी. साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये एक तरुण गडी पाय पसरून बसला होता, खिशाला पेन, हातात मोटारसायकलची किल्ली. चेअरमनसाहेबांच्या बहिणीचा मुलगा. कुठंतरी कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला.

"हे पप्पूशेठ," साहेब म्हणाले. "ह्यांना आपल्या विभागात घेतलंय. कायम जागेवर. तुमी हंगाम संपेपर्यंत ह्यांना सगळं दाखवा."

शिवशरणला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "साहेब, ती जागा... तुमी म्हणला होतात..."

"तुमचं काम लई चांगलं झालंय, शेटे. न्हाई म्हणतच न्हाई." साहेबांनी चष्मा काढला. "तुमीच ते असं करून ठिवलं की कुणीबी चालवंल. आता एकाच माणसावर अडायचं कारणच उरलं न्हाई. मग जागा कुणालाबी दिली तरी काय फरक पडतो? तुमाला पुढच्या हंगामाला बघू."

बघू म्हणजे काय ते शिवशरणला चांगलं ठाऊक होतं. गहिनीनाथच्या बाबतीत ते त्यानंच घडवून आणलं होतं. त्याला ओरडावंसं वाटलं, टेबलावरचं पेपरवेट उचलून भिरकवावंसं वाटलं. त्याऐवजी त्यानं ते पेपरवेट कागदांच्या मधोमध सरळ करून ठेवलं आणि बाहेर आला.

दुपारी पप्पूशेठ विभागात आले. त्यांनी आल्याआल्या पंख्याची दोरी सोडून पंखा आपल्याकडे वळवून घेतला. शिवशरणनं पडद्यावर फाईली उघडल्या. त्याच्या मनात आलं होतं की हा येण्याआधी ती खुलाशाची ओळ पुसावी, नावं बदलून पुन्हा म्हशी-रेडे भरावेत, सगळं असं कालवावं की या भाच्यानं जन्मभर डोकं आपटावं. केबिनमधून आल्यापासून तो त्यासाठीच बसला होता. बोटं कीबोर्डवर ठेवली की त्या नीट लावलेल्या ओळी दिसायच्या, आणि त्याचा हात पुढे जायचा नाही. चांगुलपणा नव्हता तो. त्याला घाण करता येत नव्हती, एवढंच.

पप्पूशेठनं किल्ली बोटाभोवती फिरवत वाचायला सुरुवात केली. पाठवायच्या भागापाशी थांबले, ओठ हलवत खुलासा वाचला, मान डोलावली.

"आसं व्हय! वाचायला मागितलं की आदीचं सगळं पोचतंय. आन् आकडा फेकून द्यायचा." ते शिवशरणकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं. "एका दमात समजलं बगा. लई सोपं करून ठिवलंय की तुमी, शेटेसाहेब!"

इतक्या वर्षांत त्याच्या कामाला असं कुणी नावाजलं नव्हतं. शिवशरणच्या तोंडून, त्याला कळायच्या आत, "थँक्यू" निघून गेलं. त्या एका शब्दाबद्दल त्याला स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा त्याला गहिनीनाथचाही कधी आला नव्हता.